सुरी, विळी आणि घरातलं चालतं-रांगतं मूल

वाचकांचे प्रश्न

या खेपेच्या पत्रांत एकच काळजी वेगवेगळ्या घरांतून आली आहे: धारेच्या वस्तू आणि सगळीकडे हात घालणारं मूल. बहुतेकांचा प्रश्न ‘सुरी ठेवायची कुठे’ असा आहे. ती जागा बऱ्याच घरांत आधीच ठरलेली असते. मुलाच्या हाती सुरी लागते ती अर्ध्या चिरलेल्या कांद्याजवळून, सिंकमधल्या पातेल्यातून, टीव्हीसमोरच्या पेरूच्या ताटलीतून. म्हणून जागेइतकंच लक्ष आम्ही सुरीच्या रस्त्याकडे दिलं आहे.

डिलाईल रोडला चाळीत आमची दहा बाय बाराची खोली आहे. ओटा, मोरी, पाण्याचं पिंप सगळं त्यातच. मुलगा १४ महिन्यांचा, नुकता चालायला लागलाय. बंद होणारं कपाट नाही. सुऱ्या कुठे ठेवू?
— एक आई, डिलाईल रोड

आधी मोजा. मुलाला भिंतीशी उभं करून वर खाऊ धरा आणि टाचा उचलून त्याची बोटं पोचतील तिथे पेन्सिलीने खूण करा. या वयात उंची साधारण ७५ ते ७८ सें.मी. असते, वर ताणलेला हात ९० ते ९५ पर्यंत जातो. आपला ओटा ८० ते ८५ सें.मी.चा. म्हणजे ओट्याची पुढची चारेक इंच रुंदीची पट्टी आजच त्याच्या ताब्यात गेली आहे. तिथे सुरी, कात्री, मिक्सरची वायर, काही नको. लोंबणारं फडकंही नको, कारण ते ओढलं की वरचं सगळं त्याच्या अंगावर येतं. खूण दर तीन महिन्यांनी नवी करा.

आता त्यात पायरीची उंची मिळवा, हिशोब इथेच चुकतो. प्लास्टिकचं स्टूल दीड फुटाचं, गॅसचा सिलिंडर दोन फुटांच्या आसपास, पिंपही तेवढंच. दीड वर्षाच्या सुमारास मुलं चढायला लागतात. अडीचपर्यंत स्टूल ओढत आणून हवं तिथे लावण्याइतकी अक्कल येते. अडीच वर्षांच्या मुलाचा हात साधारण ११० सें.मी.वर पोचतो, तेच मूल पिंपाच्या झाकणावर उभं राहिलं की १७०. साडेपाच फुटांवर लावलेलं काहीही त्याला मिळतं. तेव्हा जागा निवडताना ‘किती उंच’ याबरोबर ‘खाली काय आहे’ हेही बघा. जागेच्या दोन-अडीच फुटांत पिंप, सिलिंडर, खाट किंवा खिडकीचा कठडा नको. पिंप ओट्याला खेटून असेल तर ते आधी हलवा, कारण पिंपावरून ओट्यावर आणि ओट्यावरून भिंतीवर असा जिनाच तयार असतो.

सध्याच्या वयाला भिंतीवरची लोहचुंबकाची पट्टी चांगली. १६ इंची पट्टीवर चार-पाच सुऱ्या मावतात. घरातल्या ताटांना बरेचदा चुंबक चिकटत नाही म्हणून पट्टीही कामाची नाही असं समजू नका; सुरीच्या पात्याचं पोलाद वेगळं असतं आणि ते सहसा चिकटतं. सिरॅमिकची सुरी मात्र चिकटत नाही. विकत घ्यायला जाताना घरातली सगळ्यात जड सुरी कागदात गुंडाळून सोबत न्या, पट्टीला लावा आणि मुठीवर बोटाने टिचकी मारा. पातं खाली घसरलं तर ती पट्टी घेऊ नका. सुरी लावताना पात्याची पाठ आधी टेकवायची, मग पातं आडवं करायचं, काढताना उलट. सरळ खेचली की सुरी झटक्याने सुटते.

भोक पाडताना टाइलवर आधी कागदी चिकटपट्टी लावा, म्हणजे बिट सरकत नाही. ६ मि.मी.चं बिट घ्या आणि टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, नाहीतर टाइल तडकते. टाइलच्या कडेपासून इंचभर आत राहा. जुन्या चाळींच्या भिंती चुन्याच्या आणि भुसभुशीत असतात. तिथे ६ ची गिट्टी, म्हणजे स्क्रू धरणारी प्लास्टिकची नळी, फिरत राहते. मग ८ मि.मी.ची गिट्टी आणि दोन इंची स्क्रू घ्या. बटणाच्या वर-खाली सरळ रेषेत भोक पाडू नका, वायर तिथूनच गेलेली असते.

मूल अडीचेक वर्षांचं झालं की पट्टीवर विसंबू नका. तेव्हा कुलपाचा पत्र्याचा डबा घ्या, आतून १४-१५ इंच लांब. घरगुती सुऱ्या मुठीसकट आठ ते बारा इंचांच्या असतात. किल्ली डब्याशेजारच्या खिळ्याला अडकवायची नाही, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

आणि रस्ता. सुरी बाहेर निघाल्यापासून परत जाईपर्यंत कुठे कुठे टेकते ते एक दिवस नुसतं बघा: फळीवर, ओट्याच्या कडेला, सोललेल्या सालींच्या ताटात, मोरीत, घासलेल्या भांड्यांच्या टोपलीत. यातल्या किमान तीन जागा काढून टाकता येतात. एक उंच, अरुंद स्टीलचा डबा ओट्याच्या मागच्या टोकाला भिंतीला लागून ठेवा. ओटा दोन फूट खोल असतो, मागे चिमुरड्याचा हात जात नाही. हात सुरीवरून उठला की सुरी त्या डब्यात, पातं खाली. पाणी आलं, दाराची कडी वाजली, फोन आला, दूध उतू चाललं. नेमक्या याच क्षणांना आपण आहे तिथे सुरी टाकून धावतो. डबा एका हाताच्या अंतरावर असेल तरच ही सवय टिकते, दोन पावलं चालावं लागलं की मोडते. एका वेळी एकच सुरी बाहेर काढायची, हा त्याच्याच जोडीचा नियम.

आयुष्यभर विळीवर चिरलं. आता नात अकरा महिन्यांची आहे, रांगते, धरून उभी राहते. सून म्हणते विळी माळ्यावर टाका. खरंच टाकावी का?
— एक आजी, गिरगाव

टाकायची गरज नाही, पण सूनबाईंचं म्हणणं उगाच नाही. सुरी आडवी पडलेली असते, ती उचलावी लागते. विळीचं पातं आपल्या आपण उभं असतं, धार वर-पुढे, आणि त्याची उंची रांगत्या मुलाच्या तोंडाइतकी. मुलाने काही करायचीही गरज नाही. तोल जाऊन पडलं तरी पुरे. दुसरी गोष्ट अशी की आपण पाटावर पाय देऊन बसलेलो असतो, त्यामुळे मूल अंगावर आलं तर चटकन उठता येत नाही.

नात जागी आणि मोकळी असेल तेव्हा जमिनीवर विळी मांडायची नाही, एवढं पक्कं धरा. ती झोपल्यावर किंवा दुसऱ्या कुणाच्या कडेवर असताना चिरा. बसताना पाठ भिंतीला लावून, तोंड खोलीकडे करून बसा. मुलं मागून येऊन गळ्यात पडतात, खांद्याला लोंबकळतात, आणि तो धक्का आपला हात थेट धारेवर नेतो. भिंत पाठीशी असली की ती येताना समोरून दिसते. उठायचं झालं तर आधी पातं मिटवायचं, मग गुडघ्यावर हात ठेवायचा.

दुमडती विळी असेल तर पात्याच्या बुडातला बोल्ट तपासा. पातं उभं करून सोडा: ते जागच्या जागी राहिलं पाहिजे. आपोआप खाली येत असेल तर ते खाचेत मिटताना बोट सापडतं, मोठ्यांचंही. पान्याने नट आवळा; तरी ढिलं वाटलं तर मध्ये एक वायसर टाका. पातं मिटलं तरी टोकाची खवणी बाहेरच राहते, आणि तिचे दात पात्याइतकेच वाईट ओरखडतात. जुन्या टेनिसच्या चेंडूला दीड इंची चीर पाडून तो खवणीवर बसवा, घट्ट बसतो.

विळी वापरून झाली की आडवी पाडून ठेवायची हा जुना रिवाज चालत्या माणसाच्या पायासाठी होता. रांगणाऱ्या मुलाला आडवी विळी उलट जास्त सोयीची. न दुमडणारी विळी भिंतीवरच हवी, साडेपाच फुटांच्या वर, पातं भिंतीकडे करून. पाट जड असतो. एका खिळ्यावर तो गोल फिरतो आणि पातं बाहेर येतं. दोन मजबूत हूक, पाटाच्या दोन कडांना. ओट्यावर ठेवून वापरायची छोटी दुमडती विळीही मिळते. हाताची सवय न मोडता जमिनीवरून वर यायचा तो एक मार्ग आहे, मात्र नारळ खवायला ती हलकी पडते.

भाड्याच्या फ्लॅटमध्ये घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही. ट्रॉलीला चिकटवायचे ‘चाइल्ड लॉक’ आणले, जुलैत दोन्ही गळून पडले. मुलगी दोन वर्षांची. आता?
— एक भाडेकरू, कांदिवली

लॉक वाईट होते असं नाही. बहुधा फोडणीने घात केला. स्वयंपाकघरातल्या सनमायक्यावर तेलाचा पातळ थर असतो, हाताला लागत नाही पण चिकटपट्टीला लागतो. त्यात पावसाळी दमट हवा. पुन्हा लावताना असं करा: भांड्यांचा साबण घातलेल्या गरम पाण्याने दोनदा पुसा, कोरड्या फडक्याने पुसा, मग केमिस्टकडे मिळणाऱ्या स्पिरिटने. दहा मिनिटं पंख्याखाली वाळू द्या. चिकटवून अर्धा मिनिट अंगठ्याने जोर देऊन दाबा आणि पुढचे २४ तास त्या ड्रॉवरला हातही लावू नका. बहुतेक जण लावल्या लावल्या ओढून बघतात, आणि तिथेच पकड जाते. लॉक सनमायका, टाइल, काच, स्टील यांवर टिकतो. रंगवलेल्या भिंतीवर लावला तर रंगासकट निघतो आणि मग घरमालकाशी वेगळं बोलणं होतं.

काढताना हेअर ड्रायरने मिनिटभर गरम करा, मागे सुती दोरा घालून करवतीसारखा ओढा. राहिलेला चिकटा खोबरेल तेलाने जातो. डिपॉझिट शाबूत.

दुसरी अडचण पावसाळ्याचीच आहे. प्लायवूड फुगतं, ड्रॉवर दोन-तीन मिलिमीटर सरकतो आणि खटक्याचा आकडा नीट अडकत नाही. बाहेरून ड्रॉवर बंद दिसतो, ओढला की उघडतो. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला एकदा मुलासारखं, म्हणजे जोरात आणि तिरकं, ओढून बघा.

आतल्या बाजूने बसणाऱ्या स्प्रिंगच्या खटक्याचीही एक खोड आहे. ड्रॉवर इंच-दीड इंच उघडतो आणि मग अडतो. तेवढ्या फटीत दोन वर्षांच्या मुलीचा तळहात जातो. सुऱ्या पुढच्या कप्प्यात, पाती बाहेरच्या बाजूला, अशा असतील तर लॉक असून नसल्यासारखा. त्या मागच्या कप्प्यात, मुठी पुढे करून ठेवा. चुंबकाच्या किल्लीचा लॉक बरा, तो ड्रॉवर जरासुद्धा उघडू देत नाही. पाऊण इंची प्लायमधून किल्ली काम करते. स्टीलच्या पत्र्याची शटर असेल तर चुंबकाची ओढ पत्र्यातच अडते आणि लॉक उघडत नाही, तेव्हा तो घेऊ नका. किल्ली फ्रिजला चिकटवून ठेवायची सगळ्यांची सवय असते. ती फ्रिजच्या माथ्यावर ठेवा.

तारेच्या जाळीची ट्रॉली असेल तर शेजारचं कपाट उघडून बाजूच्या जाळीतून हात घालता येतो. हे मुलांना आपल्याआधी कळतं.

आमचं मत विचाराल तर भाड्याच्या घरात ट्रॉलीत सुऱ्या ठेवूच नयेत. ओट्यावरच्या कपाटाचा तळ ओट्यापासून दोनेक फूट वर असतो, म्हणजे जमिनीपासून पावणेपाच फूट. त्याच्या वरच्या खणात झाकणाच्या डब्यात सुऱ्या आणि त्या दाराला चिकटवलेला लॉक. डायनिंगची खुर्ची ओट्यापासून लांब. स्वयंपाकघराला दाराची चौकट शिल्लक असेल तर दाबाने बसणारं सेफ्टी गेट भोक न पाडता लागतं. संगमरवरी चौकटीवर ते घसरतं, म्हणून गेटबरोबर मिळणाऱ्या वाट्या चारही टोकांच्या जागी चौकटीला चिकटवूनच ते लावा. सळ्यांमधलं अंतर सहा सें.मी.पेक्षा जास्त नको. दोन-सव्वादोन वर्षांनंतर मुलं त्यावरून पाय टाकतात, तेव्हा ते आणताना किती महिने वापर होणार याचा हिशोब करा.

भांडी घासायला मावशी दुपारी येतात. सकाळच्या सुऱ्या तोवर सिंकमध्ये पडून असतात. चालेल ना?
— मुलुंड

नाही. साबणाच्या पाण्यात बुडालेली सुरी मावशींनाही दिसत नाही आणि हात आधी तिलाच लागतो. सुरी भांड्यांत जाऊच नये: वापरली, धुतली, पुसली, जागेवर, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. जमलंच नाही तर ती ओट्यामागच्या त्या उंच डब्यात ठेवा आणि मावशींना ‘सुऱ्या डब्यात आहेत, घासल्या की परत डब्यातच’ असं सांगा. खरी गडबड घासल्यानंतर होते. पालथ्या भांड्यांची टोपली बरेचदा मोरीच्या कठड्यावर किंवा खालीच असते आणि सुऱ्या, सोलाणं, किसणी तिच्यात टोकं वर करून उभी. मावशी सुट्टीवर गेल्या आणि बदली बाई आल्या की पहिल्या दिवशी पुन्हा सांगावं लागेल.

सुऱ्यांची धार मुद्दाम घालवून ठेवली तर?
— परळ

बोथट सुरी टोमॅटोच्या सालीवरून सटकते, आपण जोर वाढवतो, आणि ती बोटावर येते. मुलाच्या कोवळ्या त्वचेला मात्र बोथट सुरीही पुरेशी कापते. म्हणजे फायदा कुणाचाच नाही. धार लावून घ्या. धारवाल्याकडून परत आलेली सुरी त्या दिवशी सगळ्यांच्या अंदाजापेक्षा जास्त चालते, एवढं घरात सांगून ठेवा.

दोरी ओढायचा चॉपर आमच्या तीन वर्षांच्या मुलाचं खेळणं झालाय. झाकण लावून ओढू दिलं तर हरकत नाही ना?
— ठाकुर्लीहून मुंबईला आलेले एक बाबा, घाटकोपर

झाकण घट्ट बसलेलं असताना आणि तुमचा हात त्यावर असताना दोरी ओढण्यात धोका कमी. पण त्यातून मुलाला ‘हे आपलं’ असं कळतं, आणि उद्या ते झाकण काढून बघणार. आतल्या पिनवर नुसती टेकवलेली तीन पाती असतात. उचलली की निघतात. ती सुरीपेक्षा पातळ आणि टोकदार असतात, आणि धरायला मध्ये फक्त प्लास्टिकची दांडी. आमचा सल्ला: रिकामा चॉपरसुद्धा खेळायला देऊ नका, आणि ठेवताना पाती भांड्यात न ठेवता वेगळ्या झाकणाच्या डबीत, सुऱ्यांबरोबर. धुतानाही दांडी धरूनच, तळहातात पाती घ्यायची नाहीत.

मिक्सरचं भांडं त्यातल्या त्यात बरं, पातं तळाशी घट्ट असतं. तरीही भांडं मशीनवर बसवून, प्लग लावून सोडू नका. नुसतं बटण बंद केलं म्हणून भागत नाही, प्लग काढायचा. बटण मुलाच्या उंचीवरच असतं.

जाता जाता: सोलाणं, पिझ्झा कापायचं चाक, कात्री आणि किसणी यांची गणना कुणी धारेच्या वस्तूंत करत नाही, आणि त्या चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये असतात. सुऱ्या कुलपात आणि किसणी चमच्यांत, अशी घरं पुष्कळ आहेत.

माझा पानाचा डबा आणि अडकित्ता पलंगाशेजारी असतो. नातवाला अडकित्त्याचं भारी वेड. काही उपाय?
— एक आजोबा, दादर

अडकित्त्याची पाती उघडी ठेवली तर मूल मधे बोट घालतं आणि दुसऱ्या हाताने मिटतं. बोटाच्या पेराला तेवढा जोर पुरतो. मिटवून दांड्यांवर जाड रबर दोनदा गुंडाळा आणि डबा पलंगाशेजारून कपाटात हलवा. सुपारी कातरलेली विकत आणलीत तर अडकित्ता लागणारच नाही, पण तो सल्ला तुम्ही ऐकाल असं वाटत नाही. लक्षात घ्या, सुपारीचा तुकडा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. डब्याला कुलूप हवं ते त्यासाठीही. दाढीच्या ब्लेडचंही तेच: न्हाणीघरातल्या आरशाच्या कप्प्यात, वरच्या खणात.

सणाच्या दिवसांत सगळी घडी विस्कटते. काही वेगळी काळजी?
— लालबाग

दोन दिवस खास. गणपतीत पाहुण्या बायका जमिनीवर बसून एकाच वेळी नारळ खवतात, भाज्या चिरतात. विळ्या तीन आणि मुलं सहा. तेव्हा चिरण्याची खोली आणि मुलांची खोली वेगळी करा. एकच खोली असेल तर चिरणं सकाळी मुलं उठायच्या आत उरका, आणि एका मोठ्या माणसाला मुलांकडे बघण्याशिवाय दुसरं काम देऊ नका. खंडेनवमीला आणि दसऱ्याला सुरी, विळी, कात्री, कोयता पाटावर मांडून पूजा होते, हळदकुंकू, झेंडूची फुलं वाहिली जातात. पाट जमिनीवर, फुलं रंगीत, आणि दिवसभर ते हलवायचं नाही असा दंडक. पाट ओट्यावर किंवा उंच टेबलावर मांडला तरी पूजा पूजाच राहते.

मुलगी साडेचार वर्षांची. ‘मीपण चिरणार’ म्हणून हट्ट. नाही म्हटलं की गुपचूप सुरी घेते.
— एक आई, विलेपार्ले

गुपचूप घेते, म्हणजे आता नुसतं लपवून चालणार नाही. काहीतरी अधिकृत द्यावं लागेल. लोणी लावायची बोथट सुरी आणि केळं, उकडलेला बटाटा किंवा पनीर यांनी सुरुवात करा. फळीखाली ओलं फडकं पिळून पसरा, म्हणजे फळी सरकत नाही. फळी तिच्या कमरेच्या उंचीला हवी. ओट्याशी स्टुलावर उभं करण्यापेक्षा चौरंगावर फळी ठेवून तिला खाली बसवा. धरणाऱ्या हाताची बोटं आत वळवायची, मांजराच्या पंजासारखी, अंगठा बोटांच्या मागे. गोल वस्तू आधी तुम्ही अर्धी करून द्या, सपाट बाजू खाली. गरगरणाऱ्या बटाट्यावर मोठ्यांचीही सुरी सटकते.

एका वेळी दहा मिनिटं पुरेत. काम झालं की सुरी तिने तुमच्या हातात द्यायची नाही, फळीवर ठेवायची आणि हात मांडीवर घ्यायचे. मग तुम्ही उचलायची. धारेच्या छोट्या सुरीकडे सहाव्या वर्षाच्या आसपास, तुम्ही शेजारी असताना. विळी इतक्यात नाही. आणि तिची बोथट सुरीही तुमच्याच जागी राहील, तिच्या खेळण्यांत नाही.

इतकं करूनही कापलंच तर घरी काय करायचं आणि दवाखान्यात कधी न्यायचं?
— बऱ्याच पत्रांतून

तुमचे हात धुवा. स्वच्छ सुती कापडाची घडी जखमेवर ठेवून सलग दहा मिनिटं दाबा, घड्याळ लावून. मधेच ‘थांबलं का’ म्हणून उचलून बघितलं की धरलेली गुठळी निघते आणि पुन्हा पहिल्यापासून. हात छातीच्या वर धरा. कापड भिजलं तर काढू नका, वर दुसरं ठेवा. रक्त थांबल्यावर वाहत्या नळाखाली जखम धुवा, साबण कडेने. हळद, कॉफीची पूड, टूथपेस्ट काही भरू नका. टाके घालायची वेळ आली तर डॉक्टरांना आधी ते सगळं उकरून काढावं लागतं, आणि ते मुलालाच दुखतं.

दहा मिनिटं दाबूनही रक्त वाहतंय, जखमेच्या कडा फाकल्यात, आत पिवळट चरबी दिसतेय, बोट वाकत किंवा सरळ होत नाही, टोक बधिर वाटतंय, जखम चेहऱ्यावर किंवा सांध्यावर आहे. यातलं एकही असेल तर लगेच निघा, सकाळची वाट बघू नका. तळहातावर आणि बोटांवर छोट्या चिरेखालीसुद्धा स्नायूची दोरी तुटलेली असू शकते. लहान मूल सांगू शकत नाही, म्हणून त्याला बिस्किट धरायला द्या आणि सगळी बोटं वळतात का ते बघा. केईएम, सायन, नायर, कूपर या महापालिकेच्या रुग्णालयांत अपघात विभाग चोवीस तास चालू असतो, रुग्णवाहिकेसाठी १०८.

पातं रुतून बसलं असेल तर उपटू नका, ते हलणार नाही असं दोन्ही बाजूंनी कापड लावून तसंच न्या. बोटाचा तुकडा सुटला असेल तर स्वच्छ पाण्याने हलका धुऊन, ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बर्फ तुकड्याला थेट लागू द्यायचा नाही.

लसीकरणाचं कार्ड सोबत घ्या. सरकारी वेळापत्रकात धनुर्वाताची लस पेंटाव्हॅलंटमधून ६, १०, १४ आठवड्यांना, मग डीपीटीचे बूस्टर १६ ते २४ महिन्यांत आणि ५ ते ६ वर्षांत असते. ते पूर्ण असेल तर छोट्या, स्वच्छ जखमेला दर वेळी वेगळं इंजेक्शन लागत नाही. जखम मातीची किंवा खोल असेल तर डॉक्टर कार्ड बघूनच ठरवतील.

मोडक्या सुऱ्या आणि जुनं विळीचं पातं कसं टाकायचं?
— बोरिवली

जाड पुठ्ठ्याची पट्टी पात्याच्या दुप्पट रुंद आणि दोन इंच जास्त लांब कापा, मधे दुमडून पातं आत घाला, तीनही कडांना खाकी चिकटपट्टी. वर मोठ्या अक्षरात ‘धारदार’ लिहा. सुक्या कचऱ्यात टाका, पण थेट बादलीत न घालता कचरा नेणाऱ्याच्या हातात द्या आणि काय आहे ते तोंडाने सांगा. विळीचं लोखंडी पातं भंगारवाला घेतो. त्याची फेरी यायची तोवर ते गॅलरीत कुंडीमागे ठेवू नका. तेही सुऱ्यांच्याच डब्यात जाईल.